पाणी लागलं

"लागणे" हे क्रियापद ज्यानं कुणी घडवलं त्याला एकदा समोर बसवून चार गोष्टी विचाराव्यात असं मला फार वाटतं. माणसाला पाणी लागतं, म्हणजे त्यावाचून तो जगत नाही. बोअरला पाणी लागलं, म्हणजे खडकाखाली सापडलं. आणि पाहुण्याला गावचं पाणी लागलं, म्हणजे ते त्याला बाधलं, तो अंथरुणाला खिळला. शब्द एकच. आमच्या घरात हे तिन्ही अर्थ एकाच हापशातून आले. त्यांची किंमत माझ्या धाकट्या बहिणीच्या पायांनी मोजली, म्हणून मी आजही हा शब्द तोंडातून काढताना जरा थांबते.

आमचं गाव उदगीर-जळकोट रस्त्यापासून आत. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं, ते तीर्थ प्यायचं आणि मगच तोंडात घास. त्यामुळं आमच्या घरात दिवसाचं पहिलं पाणी देवाचं आणि दुसरं माणसाचं, असा नियमच होता. मोठ्या दुष्काळात तो नियम पाळणं जिवावर आलं. गावात एकच आड उरला होता आणि त्याच्या तळाशी पाणी झिरपायची वाट बघत बाया कडेला बसून असायच्या. पोहरा वर यायचा तो चहाच्या रंगाचा. आई ते पाणी धोतराच्या चार पदरांतून गाळायची आणि तरी लिंगावर मातीचा थर बसायचा. तेव्हा आईला दिवस गेलेले होते. तिचे ओठ फुटलेले असायचे आणि ती आपल्या वाटणीचं पाणी माझ्या तांब्यात ओतायची, हे मला पक्कं आठवतं.

मग बोअरची गाडी आली. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत तिनं तोंड घातलं आणि सगळं गाव पांढऱ्या धुरळ्यात उभं राहिलं. कितीतरी वेळ नुसती धूळ येत होती. माणसं घरी परतायला लागली होती. आणि एकदम चिखल उडाला, पाठोपाठ पाण्याचा फवारा, आणि कुणीतरी ओरडलं, "पाणी लागलं!" अप्पांनी दुकानातला नारळ पळत नेऊन फोडला. एरवी जे कुणाशी धड बोलत नसत ते लोक एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होते. त्याच आठवड्यात आई बाळंत झाली आणि धाकटी जन्मली. तिला गावात सगळे पाण्याच्या पायगुणाची म्हणायचे. अप्पा तर तिला कडेवर घेऊन हापशापाशी उभे राहायचे, जणू दोन्ही त्यांनीच खोदून काढली होती.

सव्वा महिना झाल्यावर बाळंतीण पाणवठ्याची पूजा करते, हळदकुंकू वाहते आणि भरली घागर घेऊन घरी येते. आमच्या गावात ती पूजा पिढ्यानपिढ्या आडावर व्हायची. हापशाची पहिली पूजा आईनं केली. लोखंडाच्या दांड्याला हळद लावताना बाया हसत होत्या, आई पण हसत होती. धाकटीच्या ओठांवर तिनं बोटानं एक थेंब ठेवला. पाणी थंड होतं, काचेसारखं नितळ होतं, आणि चवीला असं होतं की दुसरा पेला मागून घ्यावासा वाटे.

त्या पाण्याला घरात फक्त एका माणसानं तोंड लावलं नाही. माझी थोरली चुलती, भिंतीला भिंत लागून वेगळी चूल मांडलेली. आम्ही तिला दोडव्वा म्हणायचो. शब्द कानडी आहे, पण आमच्याकडं कर्नाटकची हद्द नकाशात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त असते. दोडव्वा तरुणपणीच विधवा झालेली, सोवळ्याची कडक आणि तोंडाची त्याहून. हापसा बसवताना तिनं मिस्त्रीच्या हातात चामड्याचं वायसर पाहिलं, तिथंच विषय संपला.

"चामड्यातनं आलेलं पाणी माझ्या लिंगाला न्हाई चालत," ती म्हणाली. "तुमी प्या. तुमच्या लिंगाला चालतंय वाटतं."

तेव्हापासून ती एकटी आडावर जायची. अप्पा तिला चिडवायचे, "वैनी, आडात बेडूक हाय. त्यो काय लिंगायत हाय का?" दोडव्वा म्हणायची, "तुज्यापरीस बरा हाय, गप तरी ऱ्हातो." आम्ही पोरं खदखदून हसायचो. तिचं अडाणीपण हा आमच्या घरातला रोजचा विनोद होता.

अप्पांना त्या हापशाचा केवढा अभिमान! पाणी गावाचं होतं, पण दाराशी आमच्या होतं. गिऱ्हाईक असो, वाटसरू असो, पाणी प्यायल्याशिवाय दुकानाची पायरी उतरायची नाही. "माणसाच्या कुडीला लागतंय काय?" ते म्हणायचे. "भाकर, मीठ अन् पाणी. बाकी समदा थाट हाय." आणि मग पाणी कसं प्यावं याचा धडा. तांब्याला ओठ लावायचा नाही. मान मागं टाकायची, तांब्या वर धरायचा आणि धार सरळ घशात सोडायची. त्यांच्या सदऱ्यावर कधी थेंब पडला नाही. ओठ लावून पिणाऱ्याला ते माणसात धरत नसत. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी ही धार शिकवली आणि धाकटी माझ्याआधी शिकली.

पुढची काही वर्षं मी सुखाची म्हणेन, कारण तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं.

धाकटीचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते खडूसारखे पांढरे. मग त्यांवर पिवळ्या रेघा उमटल्या, मग तपकिरी. दोडव्वा विचारायची, "सुपारी खातीस का गं चोरून?" आईनं राखुंडी दिली, मीठ दिलं, लिंबाची काडी दिली. पोर हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायची. रेघा आतून आलेल्या होत्या, त्या कशा जाणार? तिच्या वर्गात सगळ्याच पोरांचे दात तसे होते, त्यामुळं गावानं ठरवून टाकलं की हल्लीच्या पोरांचे दात असेच येतात. माझे दात दुष्काळाच्या आधीच आलेले, म्हणून सुटले. एका घरातल्या दोघी बहिणी आम्ही, पण हसलो की एकमेकींच्या कुणीच वाटत नसू. मग ती माझ्यासमोर हसायची बंद झाली. मला याचा राग यायचा, कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दातांनंतर गुडघे. शाळेतून आली की ती उंबऱ्यावर बसायची आणि गुडघे धरून रडायची. वाढीचं अंग दुखतंय, असं आई म्हणायची आणि एरंडेल चोळायची. पण पाय वाढत होते ते वाकडे. आधी चालताना गुडघे एकमेकांना घासायला लागले, मग आपटायला लागले, आणि पावलं मात्र दूरदूर. पळताना ती पडायची. मग तिनं पळणं सोडलं. गावात कुजबुज सुरू झाली की पायगुणाची पोर स्वतःच्याच पायांनी गेली. उदगीरच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, सुया दिल्या, आणि पाणी उकळून द्या असं बजावलं. आईनं ते व्रतासारखं पाळलं. चुलीवर पातेलं ठेवून ती हापशाचं पाणी आटेस्तोवर उकळायची, निम्मं राहिलं की गाळून फक्त धाकटीला द्यायची. घरात सगळ्यांत जपून ठेवलेलं पाणी ते होतं.

टॉनिकनं काही होईना तेव्हा त्याच डॉक्टरांनी नेहमीचं सांगितलं, हवापाणी बदला. मामा नांदेड जिल्ह्यात उमरीजवळ राहायचा. धाकटीला तिकडं शाळेत घातलं. आई महिनाभर तिच्या ताटाकडं बघत जेवत होती.

वर्षानं पंचमीला ती आली आणि बैलगाडीतून उडी मारून उतरली. उडी! पाय वाकडेच होते, पण दुखणं गेलं होतं. लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर ती उभी राहून झोके घेत होती आणि आई खाली उभी राहून तिच्याकडं बघायचा प्रयत्न करत होती. प्रयत्न म्हणते, कारण आईची मान तेव्हा वर होत नव्हती. आम्ही ते डोक्यावरच्या घागरींवर घातलं होतं. मामीच्या हातच्या दुधातुपाचं कौतुक झालं. पोर बरी झाली म्हणून अप्पांनी तिला परत पाठवलंच नाही.

पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा ती दिवसाला तांब्यांमागून तांबे प्यायला लागली, आणि पुढच्या पावसाळ्यात उंबऱ्यावर बसून रडायला लागली. एके संध्याकाळी जेवताना आई मान खाली ठेवूनच म्हणाली, "हितलं पाणी लागायलंय तिला."

अप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. "पाणी लागलं म्हणून गाव जगलं. अन् तू म्हणतीस पाणी लागायलंय?"

"उमरीला बरी व्हती की न्हाई?"

"माझ्या दारच्या पाण्याला नाव ठेवायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "समदं गाव पिऊन राह्यलंय. माझीच लेक आडाचा गाळ प्यायली तर लोक काय म्हणतील?"

त्या एका शब्दावर दोघं भांडली. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बघत होते आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, खरी भीती. कारण दोघंही बरोबर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी आईनं धाकटीला दोडव्वाकडं नेलं. दोडव्वानं फार विचारपूस केली नाही. "अंघोळ करून यायचं, मग पाणी," एवढी अट घातली आणि आपल्या घागरीतून तिचा तांब्या भरला. शाळेत जाताना एक, आल्यावर एक, आणि जेवताना दोडव्वाच्याच घरात बसून. अप्पांना हे कळत होतं आणि ते न कळल्यासारखं करत होते. हळूहळू पोरीचं रडणं थांबलं. आता सगळं त्या आडावर आलं. तो टिकला तर तिचे पाय आहेत तिथं तरी थांबतील, एवढं आम्हाला बायकांना उमगलं होतं, आणि कुणालाच सांगता येत नव्हतं. उन्हाळ्यात आड खाली गेला की आई पोहरा आपटल्याचा आवाज घरातून ऐकायची आणि स्वयंपाक करता करता थांबायची. दोडव्वा म्हातारी होत चालली होती, तरी तळाला टेकलेला पोहरा कासऱ्यानं ताठ उभी राहून ओढायची. घागर भरेना झाली तेव्हा तिनं ठरवलं, आधी लिंगाला, मग पोरीला, उरलं तर आपल्याला. कितीतरी दुपारी ती कोरड्या तोंडानं बसलेली मी पाहिली आहे. हापशाचा पेला पुढं केला तर ती तोंड फिरवायची. तिला क्षार कळत नव्हते की हाडं कळत नव्हती. तिला फक्त ते चामडं माहीत होतं.

दरम्यान लातूर जिल्हा झाला. आम्ही उस्मानाबादचे म्हणून झोपलो आणि लातूरचे म्हणून उठलो. गुलाल उधळला गेला, दुकानातल्या साखरेचे पुडे अप्पांनी वाटले. आता कलेक्टर जवळ आला, दवाखाना येईल, रस्ता येईल. पुढं जिल्ह्याची नव्याची नवलाई ओसरता ओसरता एक जीप आली आणि दोन माणसांनी हापशाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. नव्या जिल्ह्यात आपल्या पाण्याची कीर्ती पोचली, असं अप्पा सगळ्यांना सांगत होते. कितीतरी दिवसांनी जीप परत आली ती लाल रंगाचा डबा घेऊन.

हापसा वरपासून खालपर्यंत लाल झाला. गाव जमलं. रंगवणाऱ्याबरोबरचा साहेब सज्जन होता, अप्पांना नमस्कार करून म्हणाला, "अप्पा, हे पाणी आता प्यायचं नाही. यात फ्लोराइड आहे. थोडं असेल तर दातांना बरं असतं, पण इथं फार आहे. पोरांचे दात जातात, हाडं धरतात. उकळलं तर आणखी वाढतं."

आई दारात उभी होती. उकळलं तर, हे शब्द तिनं ऐकले. ती आत गेली.

अप्पा हसले. "साहेब, मी इतकी वर्षं पिऊन राहिलो. काय झालंय मला?" त्यांनी तांब्या घेतला, हापशाचे दोन हात मारले, ओल्या रंगाचे लाल डाग तळव्याला लागले. मग नेहमीच्या ऐटीत, सगळ्या गावासमोर, त्यांनी तांब्या वर उचलला आणि मान मागं टाकली.

मान गेली नाही.

हात वर, तांब्या तिरपा, आणि मान खांद्यांत ठोकून बसवलेली. धार हनुवटीवर पडली, सदऱ्यावर उतरली, धोतरावर. त्यांनी कमरेतून मागं वाकून पाहिलं, कमरही वाकेना. तोंड उघडं ठेवून ते तसेच उभे राहिले आणि सगळं पाणी अंगावर सांडलं. कुणी हसलं नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की अप्पांना पाणी पिताना आम्ही कितीतरी दिवसांत पाहिलंच नव्हतं. ते आत जाऊन, पाठ फिरवून, ओठ लावून पीत असणार.

दोडव्वा गर्दीतून पुढं आली. जन्मभराचा हिशेब चुकता करायला तिच्यासाठी याहून चांगली वेळ नव्हती, आणि मला वाटलं आता ही बोलणार. तिनं आपल्या घागरीतलं आडाचं पाणी वाटीत ओतलं आणि अप्पांपुढं धरलं. "ओठ लावून पी," ती म्हणाली. "काय व्हत न्हाई." अप्पांनी दोन्ही हातांनी वाटी धरली आणि प्याले. मग त्यांनी साहेबाला विचारलं, "अन् गावानं काय प्यावं? आड पुरंल का समद्यास्नी?"

साहेबानं रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. नळाची योजना येणार आहे, असं तो म्हणाला.

दुकानातला पाण्याचा पेला त्या दिवसापासून दिसला नाही. पण हापसा थांबला नाही. धोक्याचा म्हणून लावलेला तो लाल रंग आमच्या गावानं वाचला तो शेंदूर म्हणून. महिन्याभरात दांड्यावर हळदकुंकू दिसायला लागलं, मग कुणी लिंबू बांधलं, मग अमावास्येला नारळ. आधी नुसतं पाणी होतं, आता देव झाला. अप्पा ओरडायचे, "अरे, त्यो रंग पिऊ नका म्हणून हाय!" लोक मान डोलवायचे आणि घागरी लावायचे. लोकांना तरी काय बोल लावू? तहान रोज लागते आणि योजना कधीतरी.

धाकटीचे पाय जिथं होते तिथं थांबले. सरळ झाले नाहीत. गुडघे घासत चालते, पण स्वतःच्या पायांनी चालते. लग्न उमरीकडंच झालं. मला तोवर नांदेडला दिलं होतं. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. सव्वा महिना झाला तशी आळीतल्या बाया पूजेचं ताट घेऊन दारात हजर. आई म्हणाली, "आडावर जाऊ." आड तेव्हा कोरडा होता आणि दोडव्वा जाऊन दोन वर्षं झाली होती. बायांनी धाकटीला हापशापाशी नेलं. तिनं हळद लावली, कुंकू लावलं, मुकाट्यानं सगळं केलं. कुणीतरी म्हणालं, बाळाच्या ओठाला थेंब लाव. तिनं बाळ माझ्याकडं दिलं.

मग तिनं घागर भरली, कमरेवर घेतली आणि गुडघे घासत चालत दुकानाच्या पायरीपर्यंत आली. तिथं तिनं घागर कलती केली. सगळं पाणी मातीत. आमच्याकडं पाणी सांडणं म्हणजे पाप, मीही नकळत "अगं अगं" म्हणाले. अप्पा गल्ल्यावर बसले होते. मान वळत नव्हती, म्हणून ते आख्खे वळले, आणि त्या ओल्या मातीकडं बघत राहिले.

"लेकी, भरल्या घागरीचं पाणी सांडलीस गं!" एक म्हातारी कळवळली. धाकटीनं बाळ परत घेतलं आणि पदराखाली झाकलं.

मागं हापशाचा दांडा पुन्हा वाजायला लागला होता. पुढची बाई पोटुशी होती, आणि तिनं आपली घागर धारेखाली लावली होती.